मावळ : स्वराज्याचा विस्तार आणि वतनदारांचे कलह

पुण्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे उतरणाऱ्या नीरा, वेळवंडी, गुंजवणी, मोसे, मुठा, मुळा आणि पवना या नद्यांच्या अरुंद खोऱ्यांना मावळ म्हणतात. ‘बारा मावळ’ ही संख्या रूढ असली, तरी कोणती खोरी त्यात धरायची हे कागदागणिक थोडे बदलते. आजच्या मुळशी तालुक्यात पौड आणि मुठा ही खोरी, तसेच मोसे खोऱ्याचा वरचा भाग येतो. खोऱ्याच्या तळाशी भात, उतारावर राब भाजून नाचणी-वरी आणि डोक्यावर एखादा किल्ला अशी येथील रचना आहे. घनगड, कोरीगड आणि कैलासगड हे किल्ले कोकणात उतरणाऱ्या घाटवाटांच्या नाक्यावर बसलेले आहेत. त्यामुळे मावळ ज्याच्या हाती, त्याच्या हाती घाटही. सतराव्या शतकात स्वराज्याचा पहिला विस्तार येथेच झाला आणि त्याचे पहिले विरोधकही येथलेच होते.

प्रत्येक खोऱ्यावर एक देशमुख घराणे होते : रोहिडखोऱ्यात जेधे व खोपडे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळीमकर, मोसे खोऱ्यात पासलकर, मुठे खोऱ्यात मारणे. निजामशाही असो की आदिलशाही, वसूल गोळा करणे, शिबंदी बाळगणे आणि त्याबदल्यात हक्क-लाजिमा घेणे हे देशमुखांचे वंशपरंपरागत काम होते. हिशेब देशपांडे-कुलकर्ण्यांकडे असे. वतन भावाभावांत वाटले जाई. मान मात्र एकालाच मिळे, आणि बखेडा तेथूनच सुरू होई. जेधे करीन्यातील, म्हणजे त्या घराण्याच्या इतिवृत्तातील, हकीकत या दृष्टीने बोलकी आहे. कान्होजी जेध्यांच्या वडिलांना, नाईकजींना, त्यांच्या भावांनीच मारले. तान्ह्या कान्होजींना वाचवून मोसे खोऱ्यात आणले गेले आणि बाजी पासलकरांनी त्यांना आश्रय दिला. पुढे ते पासलकरांचे जावई झाले. हा करीना जेध्यांच्याच घरचा आहे, हे वाचताना विसरून चालत नाही. पण भाऊबंदकी कोणत्या थराला जाई हे त्यातून कळते.

१६३०-३२चा दुष्काळ आणि त्याच सुमारास आदिलशाही फौजेने केलेला पुण्याचा विध्वंस यांमुळे हा मुलूख ओस पडला होता. १६३६मध्ये निजामशाही संपली आणि पुण्याची जहागीर आदिलशहाच्या वतीने शहाजीराजांकडे राहिली. कोंढाण्याचे सुभेदार दादोजी कोंडदेव यांनी पहिली काही वर्षे सारा अगदी हलका ठेवून पुढे तो पायरीपायरीने वाढवत नेला. या पद्धतीने रयत परत आणून गावे वसवण्यात आली. मावळात जमीन पडून होती, कसणारे हात कमी होते. म्हणून येथील भांडण जमिनीवरून कमी आणि तिच्यावरच्या हक्कावरून, मानावरून, माणसांवरून अधिक झाले.

शिवाजी महाराजांनी सुरुवात केली तीही माणसांपासून. १६४५-४६च्या सुमारास रांझे गावच्या गुजर पाटलाने बदअमल केला म्हणून त्याचे हातपाय तोडण्यात आले, पण पाटीलकी गुजरांच्याच घराण्यातील दुसऱ्या माणसाला देण्यात आली. शिक्षा व्यक्तीला झाली, वतन घराण्यात राहिले. हीच रीत पुढेही बहुतेक पाळली गेली. बाजी पासलकर १६४८मध्ये आदिलशाही सरदार फत्तेखानाविरुद्धच्या लढाईत पडले. शहाजीराजांबरोबर आदिलशाही कैदेत पडलेले कान्होजी जेधे सुटकेनंतर मावळात परतले आणि त्यांचे वजन शिवाजी महाराजांच्या बाजूला आले. सगळेच देशमुख मात्र राजी नव्हते. जावळीच्या मोऱ्यांना आदिलशहाकडून ‘चंद्रराव’ हा किताब होता आणि कोकणात उतरणाऱ्या वाटांवर त्यांची पकड होती. जानेवारी १६५६मध्ये जावळी घेतली गेली. रायरी हाती आली आणि पुढे तिचाच रायगड झाला. नातेसंबंध, सोयरिकी आणि जुनी वैरे यांनी विणलेल्या समाजात एका देशमुखाचा मोड झाला की त्याचे हादरे अनेक घरांना बसत. मोऱ्यांच्या बाबतीत तेच झाले.

खरी कसोटी १६५९मध्ये लागली. आदिलशाही सरदार अफझलखान महाराजांवर चालून निघाला तेव्हा मावळातील देशमुखांना विजापूरची फर्माने आली : खानाला मिळा, नाहीतर वतन जाईल. उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. कान्होजी जेधे मुलांसह राजगडावर आले आणि वतनावर पाणी सोडून त्यांनी महाराजांना साथ दिली. वतनासाठी पिढ्यान्‌पिढ्या रक्त सांडणाऱ्या समाजात या कृतीचे मोल तलवारीपेक्षा मोठे होते. प्रतापगडाजवळ खान मारला गेल्यानंतर खंडोजी सापडले. कान्होजींच्या रदबदलीने जीव वाचला, तरी एक हात आणि एक पाय तोडण्यात आला. १६६०मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना बांदलांच्या लोकांनी बाजीप्रभू देशपांड्यांबरोबर खिंड लढवली. त्यानंतर दरबारातील तलवारीच्या पहिल्या पानाचा जेध्यांचा मान बांदलांना देण्यात आला. तो जेध्यांच्या संमतीने दिला गेला, हे मुद्दाम नोंदवले गेले आहे. मानाचा एक बदलही किती जपून करावा लागे, ते यावरून दिसते.

विस्तार टिकवायचा तर देशमुख आणि रयत यांच्यामध्ये सरकारला शिरावे लागते. सभासदाच्या बखरीप्रमाणे वतनदार मनमानी वसूल करत, वाडे-कोट बांधून बंदुका बाळगत आणि सरकारला थोडेच देत. महाराजांनी असे कोट पाडले, त्यांचे हक्क ठरवून दिले, जमीन काठीने मोजली आणि पिकाच्या पाच वाट्यांपैकी दोन सरकारात व तीन रयतेला असा हिशेब घातला. वतने मुळापासून मोडली मात्र नाहीत. ती मोडणे त्या काळी शक्यही नव्हते. या सगळ्या कागदांत कुणबी, महादेव कोळी, महार यांचा आवाज फारसा येत नाही. महजर (निवाडपत्रे) आणि करीने वतनदारांनी आपल्या हक्कांसाठी जपून ठेवले. मावळ्यांच्या शौर्याची कथा त्यामुळे बव्हंशी नाईकांच्या घरातून आपल्यापर्यंत आली आहे.

१६८९मध्ये संभाजी महाराजांची हत्या होऊन राजाराम महाराज जिंजीला गेले, तेव्हा जुना प्रश्न पुन्हा डोके वर काढू लागला. औरंगजेब वतनाची लालूच दाखवत होता. देशमुख एका बाजूने दुसऱ्या बाजूला जात आणि परत येत. त्यांना धरून ठेवण्यासाठी राजाराम महाराजांनाही वतने आणि इनामे द्यावी लागली. मावळातील किल्ले परत मिळवण्यात शंकराजी नारायण सचिव यांचा मोठा वाटा होता. त्यांच्या जहागिरीतून पुढे भोर संस्थान उभे राहिले. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांवर एक अख्खे प्रकरण खर्ची घातले आहे. त्यांचा सल्ला थोडक्यात असा, की यांना तोडूही नये आणि मोकळेही सोडू नये.

इंग्रजी अमलात देशमुखांची शिबंदी गेली, हक्क रोख रकमेत उरले आणि मुळशी खोऱ्यातील जमिनींचा मोठा भाग पुण्याच्या सावकारांकडे गेला. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी मुळा-निळा संगमाजवळ धरण बांधण्याचे ठरल्यावर १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी ‘जान किंवा जमीन’ म्हणत सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट त्याचे पुढारी होते. मालकी असलेल्यांना नुकसानभरपाई घेऊन बाजूला होता येत होते. कसणाऱ्यांना जमिनीच्या बदल्यात पैसा नको होता. या फुटीने लढा खिळखिळा झाला. धरण झाले, १९२७मध्ये भिरा येथील वीजगृह सुरू झाले. देशमुखी, देशपांडे आणि कुलकर्णी ही वतने पुढे मुंबई परगणा व कुलकर्णी वतने नष्ट करण्याच्या १९५०च्या कायद्याने संपुष्टात आली.