अर्ध्या शेराची खूण

जलसंजीवनीच्या मोठ्या पुडीवर लिहिलेले असते, ‘एक लिटर पाण्यात विरघळवा.’ पण आपल्या मांडणीवर असतो पेला, तांब्या, वाटी. मग लिटर मोजायचा कशाने? शेजारच्या बांगलादेशात हा प्रश्न कसा सुटला, ते आज आम्ही सांगणार आहोत.

1971 साली तिथल्या युद्धामुळे लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज घातलेले पाणी पिंपात भरून ठेवले. नातेवाइकांनीच ते रोग्यांना पाजले. 100 रोग्यांतले 30 च्या आसपास दगावत होते, ते 4 च्याही खाली आले.

पण खेड्यातल्या आईने हे पाणी घरी कसे करायचे? 1980 पासून ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या बांगलादेशात घरोघर गेल्या. धडा सोपा होता: तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. अर्धा शेर म्हणजे अर्ध्या लिटरपेक्षा थोडे कमी. चिमूट आणि मूठ तर आईच्या हातातच होती. अडचण होती पाण्याची. म्हणून तिच्याच भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून दिली जाई. पुढे तपासणीत आईला जेवढे नीट आठवे, त्यावर कार्यकर्तीचे मानधन ठरे. 10 वर्षांत 1 कोटी 20 लाखांवर घरे झाली.

एवढा खटाटोप कशासाठी? पाणी कमी पडले तर मिठाचे प्रमाण वाढते, आणि ते बाळाला घातक ठरते. पाणी जास्त झाले तर गुण कमी येतो.

आपणही खूण करू या. एक लिटरच्या बाटलीतले पाणी आपल्या पातेल्यात ओता आणि रेघ मारा. 200 मिलीचे 5 पेले किंवा 250 मिलीचे 4 पेले म्हणजे एक लिटर. पण स्टीलचे पेले सारखे नसतात, आधी मोजून घ्या. लहान पुडी 200 मिलीची असते, म्हणून पुडीवरचे वाचा. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा 5 मिलीचा हवा, औषधाच्या मापाएवढा. बाळ मलूल झाले किंवा शौचातून रक्त पडले तर लगेच दवाखाना गाठा.

गटाच्या पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरचे एक पातेले आणावे. रेघ तिथेच मारू.