हुशार मुलांची निवड

सन १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली, आणि सर्व मुलांस सात वर्षे मोफत शिक्षण हस्तोद्योगाच्या द्वारे द्यावे असे तीत ठरले. बुद्धिमान मुलांस वेगळे काढण्याची गोष्ट त्या ठरावांत नव्हती; टकळीपुढे सारे सारखेच! पुढे अर्धशतकाने वारे फिरले. १९८५-८६ साली हरियाणातील झज्जर व वऱ्हाडातील अमरावती येथे पहिली दोन नवोदय विद्यालये निघाली. वर्धा जिल्ह्याचे विद्यालय पुढे सेलूकाटे येथे झाले. पाचवीतील मुलांची परीक्षा घ्यावयाची, निवडलेल्यांस निवास व भोजनासह शिकवावयाचे आणि निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांस द्यावयाच्या, असा त्यांचा क्रम.

या योजनेचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. पुलगावाजवळच्या नाचणगावी एखाद्या मजुराच्या मुलास गणिताची उपजत जाण असली, तरी १९६२ साली पुण्यास निघालेल्या ज्ञान प्रबोधिनीचे दार त्याने कसे गाठावे? परंतु दहा-अकरा वर्षांच्या पोराची बुद्धी दोन तासांच्या उत्तरपत्रिकेवरून जोखावी, हे मनास पटत नाही. शिवाय एका विद्यालयात दरसाल जागा फार तर ८०. एक्याऐंशीवा मुलगा गावच्या शाळेत आपल्या जुन्या बाकावर परततो, आणि त्याच्या जोगे निराळे काही शिकविण्याची सोय तेथे क्वचितच असते.