मुंबईकरांची सहल : वाट, वेळ आणि जागा

सहल म्हटली कीं दशम्यांची शिदोरी, पाण्याचा तांब्या, उन्हानें तांबूस झालेलीं मुलांचीं तोंडें आणि परतीच्या गाडींत लागलेली डुलकी इतकेंच आपल्या डोळ्यांपुढें येतें. असल्या फावल्या वेळच्या गोष्टीला इतिहास तो कसला, असें कोणी विचारील. पण ३५ वर्षें प्राथमिक शाळेंत शिकवून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या मास्तराचा अनुभव निराळा आहे. वर्गांतलीं किती मुलें सहलीस आलीं आणि किती घरीं राहिलीं, एवढें पाहिलें म्हणजे त्या वस्तीची स्थिति निम्मी कळते. सहलीला वाट लागते, वेळ लागतो आणि जागा लागते. मुंबईकरांना या तिन्ही गोष्टी कशा मिळाल्या, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम वाटेचा विचार करूं. मुंबई हीं मूळचीं सात बेटें. जुन्या काळीं घराबाहेर पडावयाचें तें बहुधा देवाच्या निमित्तानें. वाळकेश्वरीं जाऊन बाणगंगेचें स्नान करावें, महालक्ष्मीचें दर्शन घ्यावें, महाशिवरात्रीस मचव्यांत बसून घारापुरीस जावें, सप्टेंबरांत वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा पाहावी, अशा या सहली. देवदर्शन होई, वाराही लागे, आणि उगाच भटकलों असें कोणास म्हणतां येत नसे. मात्र माहीमहून वांद्र्यास जावयाचें म्हणजे खाडी तरींतून ओलांडावी लागे, आणि पावसाळ्यांत तें जिवावरचें काम होई. ही अडचण एका स्त्रीनें दूर केली. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनीं दीड लाखांहून अधिक रुपये दिले, आणि १८४५ च्या सुमारास माहीमचा बांध रहदारीस खुला झाला. बांधावरून जाणारांकडून कधींही पट्टी घेऊं नये, अशी त्यांची अट होती. ही अट मला देणगीहून मोठी वाटते. तिच्यामुळें ती वाट फुकट राहिली, आणि पायीं जाणाऱ्या कोळणीला व बग्गींतल्या शेठजीला ती सारखीच झाली.

पुढें ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. डबे १४, पाहुणे सुमारें ४००, आणि अंतर ३४ किलोमीटर. त्या दिवशीं सुटी दिली होती व रुळांच्या दोन्ही अंगांस लोकांची दाटी झाली होती. गाडी पाहणें हीच त्या दिवशीं शहराची सहल झाली. १८७४ सालीं घोड्यांची ट्राम आली, १९०७ सालीं ती विजेवर चालूं लागली, आणि ३१ मार्च १९६४ पर्यंत तिनें मुंबईकरांना हवा खाण्यास नेलें. नेरळहून माथेरानला चढणारी चिमुकली गाडीही १९०७ चीच. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनीं १८५० सालीं तो डोंगर प्रकाशांत आणला खरा, पण पुढें बरीच वर्षें तेथें जावयाचें म्हणजे घोडा, पालखी किंवा स्वतःचे पाय यांवांचून गति नव्हती. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानें पदरचा पैसा घालून ही गाडी नेली.

वाट झाली, पण वेळेचें काय ? ही गोष्ट आपण सहसा विसरतों. सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुटी होती. गिरणींत मात्र सूर्य उगवला कीं भोंगा होई व मावळेपर्यंत साचे चालत. आठवड्याची अशी ठरलेली सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणी कामगारांची संस्था काढली आणि रविवारच्या सुटीची मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मी येथें सुमारें १० हजार कामगारांची सभा भरली. तींत दोन कामगार बायकाही बोलल्या, हें विशेष ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. अखेर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. आज आपण रविवारी उशिरां उठतों आणि चौपाटीवर कोणत्या गाडीची भेळ खावी याचा वाद घालतों. तो रविवार कोणी मागून घेतला, याची आठवण आपणांस नसते.

आतां जागेकडे वळूं. भायखळ्याची राणीची बाग १८६२ सालीं खुली झाली. आज तिला वीरमाता जिजाबाई भोसले यांचें नांव आहे. तिच्या आवारांतलें वस्तुसंग्रहालय १८७२ सालीं उघडलें. त्यासाठीं खटपट करणारे डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव त्याला १९७५ सालीं मिळालें. संग्रहालयाशेजारीं एक दगडी हत्ती उभा आहे. हा मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनीं त्या बेटाला एलिफंटा म्हटलें. १८६४ सालीं त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, पण उचलतांनाच तो भंगला. पुढें त्याचे तुकडे राणीच्या बागेंत आले आणि १९१४ सालीं ते सांधून तो पुन्हा उभा केला गेला.

या हत्तीशीं माझें थोडें वैयक्तिक नातें आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार घरीं बसले. मी तेव्हां नुकताच नोकरीस लागलेला, आणि शाळा लालबागेजवळची. त्या वर्षीं थंडींत आम्हीं कान्हेरीचीं लेणीं पाहावयाचीं ठरविलीं होतीं. वर्गांत ४८ मुलें, वर्गणी आणली ९ जणांनीं. बाकीचीं मान खालीं घालून बसलीं. एका मुलानें तर, “गुरुजी, मला गाडी लागते,” असें सांगितलें. गाडींत बसण्याचा प्रसंग त्याला फारसा आला नसावा, हें मला ठाऊक होतें. मीं वर्गणी परत केली, आणि दुसऱ्या शनिवारीं आम्हीं सारे रांगेनें चालत राणीच्या बागेंत गेलों. कोणी भाकरी आणली, कोणी नुसते चणे. त्या हत्तीपुढें बसवून मीं मुलांना घारापुरीची हकीकत सांगितली. तेव्हां गाडी लागणारा तो मुलगा म्हणाला, “म्हणजे गुरुजी, आपणांला होडीचे पैसे पडूं नयेत म्हणून हत्तीच इकडे आला !” सारा वर्ग हंसला. मींही हंसलों, पण तें वाक्य माझ्या मनांतून गेलें नाहीं.

श्रोतेहो, त्या दिवशीं ४८ च्या ४८ मुलें आलीं, याचें श्रेय माझ्याकडे थोडें आहे. शाळेपासून चालत जातां येईल इतक्या अंतरावर एक बाग होती आणि तिच्या दारांत द्यावा लागणारा पैसा नगण्य होता, हें खरें कारण. पुढें त्या बागेंत पेंग्विन पक्षी आले, आणि २०१७ सालीं मोठ्या माणसाचें प्रवेशमूल्य ५ रुपयांवरून ५० झालें. आईबाप व दोन मुलें यांचे मिळून १०० रुपये ठरले. प्राण्यांची निगा राखावयाची तर खर्च येणारच, आणि आज बाग पूर्वीपेक्षां नीटनेटकी आहे, हेंही मी मान्य करतों. पण १०० रुपये कोणाला क्षुल्लक आणि कोणाला भारी, हें ज्यानें वर्गांत वर्गणी गोळा केली आहे त्याला विचारावें.

आज वाटांची वाण नाहीं. २०२४ च्या जानेवारींत खुला झालेला अटल सेतु शिवडीहून थेट पलीकडच्या किनाऱ्यास नेतो. मात्र त्याच्यावर पथकर आहे, आणि पायीं जाणारास त्याच्यावर मज्जाव आहे. अशा वेळीं आवाबाईंची अट आठवल्यावांचून राहत नाहीं. दूर जाण्याच्या सोयी वाढल्या याचा आनंद मानावाच, पण घराजवळचें मैदान, फुकटचा किनारा आणि स्वस्त बाग यांची जपणूक त्याहून निकडीची आहे. ज्याच्याजवळ गाडी आहे तो लोणावळ्यास जाईल. ज्याच्याजवळ नाहीं, त्याच्या मुलांना सहल म्हणजे हींच ठिकाणें.

म्हणून एक विनंती करून आपली रजा घेतों. येत्या रविवारी आपण मुलांना घेऊन बाहेर पडाल, तेव्हां शेजारपाजारचें, घरीं राहणारें एखादें मूलही बरोबर घ्या. आणि जमल्यास सर्वांना तो दगडी हत्ती दाखवा.