दोरा तेवढाच, वेळ निराळा



जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत वाट विचारली, तर गांवकरी मैल सांगत नाहीं. “दिवस कलेतों पोहोंचाल,” असें सांगतो. आपण त्यास अडाणी म्हणून हंसतों. परंतु विमानविद्येचा इतिहास पाहतां, अंतराचें खरें माप त्यासच ठाऊक आहे असें वाटूं लागतें.

१९२९ सालीं लंडन ते कराची हवाई टपाल सुरू झालें. त्यास सात दिवस लागत. कराचीपुढील हिंदुस्थानांतील वाट विमानानें उरकावी, ही योजना जहांगीर रतनजी टाटा व नेव्हिल व्हिन्सेंट ह्यांनीं सिद्धीस नेली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं सकाळीं ६ वाजून ३५ मिनिटांनीं टाटा आपलें लहानसें पस मॉथ विमान घेऊन कराचीहून निघाले. अमदाबादेस पेट्रोल भरून दुपारीं १ वाजून ५० मिनिटांनीं ते जुहूस उतरले. सुमारें साडेसहाशें मैलांची मजल सव्वासात तासांत पुरी झाली! पुढें व्हिन्सेंट तेंच टपाल घेऊन बेल्लारीमार्गें मद्रासेस गेले. मात्र पावसाळ्यांत जुहूचें मैदान चिखलानें निरुपयोगी होई व विमानांचा मुक्काम पुण्यास हलवावा लागे.

८ जून १९४८ रोजीं ‘मलबार प्रिन्सेस’ ३५ उतारू घेऊन मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गें लंडनास निघालें. पांच हजार मैलांच्या त्या प्रवासास सुमारें चोवीस तास लागले. आज तोच प्रवास नऊ-दहा तासांचा आहे. त्याच १९४८ सालीं जव्हार संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. त्याचे अखेरचे अधिपति यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धांत वायुदलांत अधिकारी होते. तेव्हां आकाशमार्ग ह्या डोंगरांस अगदींच अनोळखी नव्हता.

भूगोल शिकवितांना मी मुलांकडून पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून अंतर मोजवीत असें. मुंबई-कराचीचा दोरा आजही तेवढाच भरतो. परंतु आज त्या दोन शहरांमध्यें सरळ विमान नाहीं. तिसऱ्या देशांतून वळसा घालावा लागतो. १९३२ सालीं जी वाट सकाळ-दुपारची होती, ती राजकारणानें लांबविली.

आणि आमच्या डोंगरांतील दोरा? मोखाड्याच्या कांहीं पाड्यांवरून पावसाळ्यांत आजारी माणसास डोलींत घालून, ओढे ओलांडून, पक्क्या सडकेपर्यंत आणावें लागतें. गोलावर ती वाट टिंबाएवढीही दिसत नाहीं. पण डोलींतील बाळंतिणीस विचारा. लंडन जवळ आलें, ही मोठीच गोष्ट. दवाखाना जवळ यावयाचा अजून राहिला आहे.