बोर मद्रासला आले तेव्हा

वेलचेरीहून बीच स्टेशनाकडे जाणाऱ्या गाडीत बसले, की पेरुंगुडीनंतर तरमणी येते. तिथे गणितीय विज्ञान संस्था आहे. ‘मॅटसायन्स’ हे तिचे जुने नाव. तिची सुरुवात झाली ती मैलापूरच्या एका राहत्या घरात.

प्रिन्स्टनमध्ये वर्षभर राहून आलेले अल्लाडी रामकृष्णन आपल्या ‘एकाम्र निवास’मध्ये विद्यार्थ्यांना जमवून मूलकणांचे नवे सिद्धांत शिकवू लागले. ना इमारत, ना अनुदान. जानेवारी १९६० मध्ये नील्स बोर मद्रासला आले आणि या मंडळींना भेटले. भारतात मनावर ठसलेल्या दोन गोष्टी त्यांनी वार्ताहरांना सांगितल्या: मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि मद्रासचा हा छोटा गट. मंत्री सी. सुब्रमण्यम यांनी पुढाकार घेतला, नेहरूंनी पाठबळ दिले आणि ३ जानेवारी १९६२ रोजी संस्था स्थापन झाली.

बोरांच्या शब्दाला एवढे वजन का होते? १८९७ मध्ये थॉमसनना इलेक्ट्रॉन सापडला आणि अणू अभेद्य उरला नाही. १९११ मध्ये रदरफर्डनी दाखवले, की अणूचे जवळजवळ सारे वस्तुमान मधल्या इवल्याशा केंद्रकात असते. केंद्रक गोटीएवढे मानले, तर अणू शेकडो मीटर पसरेल. पण मग फिरता इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत केंद्रकात कोसळत का नाही? बोरांनी १९१३ मध्ये सांगितले, की त्याला ठरावीक कक्षाच मोकळ्या असतात. हायड्रोजनचा वर्णपट या उत्तराने उलगडला, हेलियमचा मात्र उलगडला नाही. १९२५-२६ मध्ये पुंजयामिकी आली आणि त्या रेखीव कक्षा गेल्या. १९३२ मध्ये चॅडविकना न्यूट्रॉन सापडला.

म्हणजे मैलापूरची मुले जे शिकत होती, ते बोरांच्या चित्राच्या फार पुढचे होते. आपले चित्र जुने झाल्याचे दुःख न करता बोरांनी त्या मुलांचे कौतुक केले. शाळेच्या वहीत मात्र तीच वर्तुळे आजही निमूटपणे काढली जातात.

इथे राहणाऱ्या मराठी माणसाला आणखी एक गंमत जाणवते. हिंदीत ‘अणु’ म्हणजे रेणू, आणि अणूला ‘परमाणु’. तमिळमध्ये मात्र अणू तो अणूच, मराठीसारखा. शेजारच्या मुलाला विज्ञान समजावताना निदान हा एक शब्द तरी बदलावा लागत नाही. कक्षांची गोष्ट सांगताना मात्र ‘हे अर्धेच खरे आहे’ असे दोन्ही भाषांत सांगावे लागते.