एक घंटा, आठ बिऱ्हाडें

एका तारेवरून अनेकांनीं बोलावें आणि कोणाचें बोलणें कोणाच्या बोलण्यांत मिसळूं नये, ही इच्छा संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. फ्रान्सच्या तारखात्यांतील एमिल बोदो यानें १८७४ सालीं आपल्या छपाई-तारयंत्राचें पेटंट घेतलें. त्यांत पांच खुणांचें एक अक्षर होई, आणि फिरत्या वाटपयंत्राच्या योगानें अनेक तारमास्तर एकच तार पाळीपाळीनें वापरीत. ‘बॉड’ हें वेगाचें परिमाण त्याच्याच नांवावरून पडलें. बोदोच्या व्यवस्थेंत प्रत्येकाची पाळी ठरलेली होती. पुढें संगणकाला जें संकट आलें, तें पाळी ठरलेली नसल्यामुळें आलें.

संगणकानेंही खुणा एकामागून एक सोडण्याची चाल उचलली. तिला सीरियल दळणवळण म्हणतात. १९६० सालीं अमेरिकेंत त्यासाठीं आरएस-२३२ हें प्रमाण ठरलें. १९८१ सालीं आयबीएम कंपनीनें वैयक्तिक संगणक बाजारांत आणला, तेव्हां हें काम ८२५० नांवाच्या चिपकडे होतें. अक्षर येतांच ही चिप मुख्य यंत्राला हांक मारी. या हांकेस इंटरप्ट असें नांव आहे. चिपपाशीं एकच आलेलें अक्षर ठेवण्यापुरती जागा असे. सेकंदास ९६०० खुणांच्या वेगानें दर अक्षरास सुमारें एक सहस्रांश सेकंद लागतो. तेवढ्या अवधींत तें उचललें नाहीं, तर मागून येणारें अक्षर त्यावर पडून पहिलें नाहींसें होई.

हांक मारण्याच्या तारा मात्र मोजक्याच होत्या. मूळ यंत्रांत आठ, व १९८४ सालच्या सुधारलेल्या यंत्रांत पंधरा. त्यांतील बहुतेक घड्याळ, कळफलक, डिस्क इत्यादिकांनीं अडविलेल्या. मग ज्यांना आठ किंवा सोळा मोडेम जोडावयाचे, त्यांनीं काय करावें? त्यांच्यासाठीं अनेक पोर्टांचें कार्ड निघालें. त्यावरील सर्व पोर्ट एकाच तारेवरून हांक मारीत. जणूं वाड्यांत आठ बिऱ्हाडें, आणि देवडीवरच्या पहारेकऱ्याला बोलावण्यास सर्वांची मिळून एकच घंटा!

यांतच खोड दडलेली होती. त्या काळच्या आयएसए रचनेंत दोर ओढल्याचा क्षण तेवढा पहारेकऱ्यास कळे. ओढून धरलेला दोर त्याला दिसत नसे. पहिल्या बिऱ्हाडानें घंटा वाजविली, पहारेकरी तेथें गेला. इतक्यांत तिसऱ्यानें आधींच ताणलेला दोर धरला. पहारेकरी पहिल्याचें काम उरकून परतला. दोर सैल पडलाच नाहीं, म्हणून घंटा पुन्हां वाजली नाहीं. आतां आठही बिऱ्हाडें मुकीं! कार्ड तासन्‌ तास सुरळीत चाले, आणि गर्दीच्या वेळीं सर्व पोर्ट एकदम थंड पडत. मालक केबल बदली, मोडेम बदली, शेवटीं कार्डहि बदली. परंतु मोडलेलें असें कांहींच नसे.

१९९१ सालीं हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरव्हल्ड्स यानें लिनक्सचा आरंभ केला. विद्यापीठाच्या संगणकाशीं मोडेमनें बोलण्याचा त्याचा कार्यक्रम हेंच त्या कामाचें बीज होतें. सीरियल चालकाचें काम पुढें अमेरिकेंतील थिओडोर त्सो यानें हातीं घेतलें. या चालकांत वरील रोगाचा उपाय साधा होता. हांक आली कीं प्रत्येक पोर्टास क्रमानें विचारावें. कोणीं काम सांगितल्यास तें करून पुन्हां फेरी घालावी. एक संपूर्ण फेरी निवांत गेली तरच देवडीवर परतावें. फेऱ्यांना मर्यादाहि घातली, नाहींतर एका बिघडलेल्या पोर्टापायीं सारें यंत्र अडकून पडावयाचें. १६५५०ए या चिपनें सोळा अक्षरांची रांग दिली, आणि पहारेकऱ्यास थोडी उसंत मिळाली.

१९९२ सालच्या पीसीआय रचनेंत ताणलेला दोरहि दिसूं लागला. पण संकट उलटून आलें. दोर कोणीं धरला हें कोणत्याच चालकास ओळखतां आलें नाहीं, तर घंटा थांबतच नाहीं. लिनक्स अशा बेवारशी हांका मोजतो. एक लाखांपैकीं ९९,९०० हून अधिक बेवारशी ठरल्या, तर ‘कोणीच दखल घेतली नाहीं’ अशी नोंद करून ती तार बंद करतो. मग त्या तारेवरचे निरपराध शेजारीहि भरडले जातात.

म्हणून जाणत्यांची तपासणी ठराविक क्रमानें चालते. प्रथम कार्ड यंत्रास दिसतें कीं नाहीं तें पाहावें. आठांपैकीं चारच पोर्ट दिसले, तर कार्डास दोष देऊं नये; चालकाची मूळ मर्यादा बहुधा चारच असते, ती वाढवावी. अक्षरें येतात पण निरर्थक येतात, तर कार्डावरील घड्याळ चौपट वेगाचें असूं शकतें. त्या स्थितींत ९६०० मागितले असतां ३८,४०० मिळतात. अक्षरें गळतात, तर गळतीची मोजणी पाहावी. आणि सर्वच पोर्ट गप्प झाले, तर हांकांची संख्या वाढते कीं थांबली, हें पाहावें.

बोदोनें प्रत्येकास पाळी नेमून देऊन तारेवरील गोंधळ टाळला. जेथें पाळी नेमतां येत नाहीं, तेथें सर्वांना पुन्हां एकदां विचारल्यावांचून परतूं नये, एवढा नियम पुरला. आणि तो पाळला जात नव्हता, तोंवर अनेक धडधाकट कार्डें निकामी ठरविलीं गेलीं.