अकॉर्डियनचं कूळ

जुनं अकॉर्डियन बघायला गेलात तर आधी वास घ्या. केस उघडताच पावसाळाभर बंद राहिलेल्या खोलीसारखा कुबट भपका आला, तर वरच्या मोतिया सेल्युलॉइडला भुलू नका. आत चामड्याच्या झडपा बुरशीने वाकलेल्या असतात, सुरांवर गंज चढलेला असतो. आपल्या पेटीचे सूर पितळेचे. याचे पोलादी, आणि कोकण-मुंबईची हवा पोलादाला मानवत नाही.

बाकी दोघांचं कूळ एकच. सूर म्हणजे एका टोकाला जखडलेली पातळ धातूची जीभ, हवा लागली की थरथरते. चीनमध्ये शंग या वाद्यात ही युक्ती फार जुनी. युरोपला 19व्या शतकाच्या सुरुवातीला तिचा नाद लागला आणि दोन-तीन दशकांत माउथ ऑर्गन, अकॉर्डियन, हार्मोनियम अशी भावंडं जन्मली. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँने 1840च्या दशकात हार्मोनियमचं पेटंट घेतलं. अकॉर्डियन त्याहून थोरलं.

सिरिल डेमियान हा व्हिएन्नातला, आर्मेनियन वंशाचा ऑर्गन-पियानो बनवणारा कारागीर. मे 1829मध्ये त्याने आणि त्याच्या दोन मुलांनी एका पेटीचं पेटंट मिळवलं. पेटी कसली, डबीच. लांबी सात ते नऊ इंच, प्रवासात सहज नेता येईल अशी. पट्ट्या पाच. पण पट्टी दाबली की एक सूर नव्हे, अख्खा कॉर्ड वाजायचा. भाता ओढताना एक, मिटताना दुसरा. पाच पट्ट्यांत दहा कॉर्ड. कॉर्डला जर्मनमध्ये ‘अकोर्ड’ म्हणतात, त्यावरून नाव पडलं. म्हणजे हे बारसं झालं ते साथीच्या वाद्याचं. सुरामागून सूर धून वाजवायची सोय त्यात नव्हतीच. उजव्या हाताला पियानोच्या पट्ट्या आल्या त्या शतकाच्या मध्यावर. डेमियानची मूळ कल्पना डावीकडे सरकली.

गंमत अशी, की नवखा माणूस भितो तो नेमका या डाव्या बाजूला. 120 बटणं, तीही वाजवताना दिसत नाहीत! पण एका ओळीत बोटाने चाचपत जा. वरचं प्रत्येक बटण खालच्याचा पंचम. सा, मग प, मग त्या प चा प. षड्ज-पंचम भाव ज्याच्या कानात आहे त्याचं अर्धं काम इथेच झालं. बेसच्या ओळीत एका बटणाला खळगी असते किंवा चमकीचा खडा बसवलेला असतो. ती पांढरी एक. तिच्या शेजारी तिरक्या रांगेत तिचाच मेजर कॉर्ड, पुढे मायनर. एक बोट, एक कॉर्ड. डेमियानचा हिशेब अजून तोच आहे.

जाळीवरच्या नावावरून मात्र घराणं ठरवू नका. इटलीत अँकोनाजवळ कास्टेलफिदार्दो नावाचं गाव आहे. तिथली कथा अशी, की लोरेतोच्या यात्रेहून परतणारा एक ऑस्ट्रियन वाटसरू सोप्रानींच्या शेतघरी उतरला आणि जाताना आपलं अकॉर्डियन ठेवून गेला. पाओलो सोप्रानीने ते खोलून पाहिलं आणि 1863मध्ये कारखाना काढला. कथा खरी-खोटी असो, गाव पुढे या धंद्यावरच जगलं. तिथल्या छोट्या कारखान्यांतून माल घेऊन त्यावर आपलं नाव टाकणारे विक्रेते देशोदेशी होते. तेव्हा नाव वाचा, पण पाठीवर, भात्याच्या कडेला ‘इटली’ वा ‘जर्मनी’ची मोहोर आहे का, तेही शोधा.

मग हवा बघा. पट्टे सोडा, काहीही न दाबता वाद्य एका बाजूने उचलून धरा. खालचा भाग सावकाश उतरला तर भाता धड आहे. धाडकन पडला तर गळका. नंतर एकेक पट्टी दोन्ही दिशांनी वाजवा, कारण येणाऱ्या-जाणाऱ्या हवेच्या जिभा वेगळ्या. 41 पट्ट्या आणि सुरांचे चार संच असले तर उजवीकडेच 328 जिभा होतात, आणि त्या ज्यांवर बसवतात त्या धातूच्या पट्ट्या मेण-राळेने चिकटवलेल्या. दशकांनी ते मेण कडक होऊन तडकतं. ते नव्याने भरण्याच्या मजुरीपुढे खरेदी स्वस्त वाटू लागते.

सूर लहरतो म्हणून लगेच नाक मुरडू नका. पेटीत खर्ज-नर-मादी असतात तसेच इथेही आहेत. सुरांचे संच बदलणाऱ्या बटणांवरच्या वर्तुळातले ठिपके तेच सांगतात. पण दोन नर मुद्दाम जरासे वेगळे लावतात, तीच ती पॅरिसच्या रस्त्याची लहर. शेजारच्या पट्ट्यांवरही लहर सारखीच असेल तर ती हौसेची, एकाच पट्टीवर उसळली तर तो बिघाड.

या वाद्याने मुंबईच्या स्टुडिओंत दिवस काढले. ‘आराधना’तल्या (1969) त्या पावसाळी रात्रीच्या गाण्यात केरसी लॉर्डचं अकॉर्डियन आहे, ते श्वासासारखं येतं-जातं. पुण्याच्या एनॉक डॅनियल्सच्या ध्वनिमुद्रिका ऐका, म्हणजे पेटीशी असलेला फरक कळेल. पेटीवाल्याचा हात हवा भरतो आणि सूर आपोआप टिकतो. इथे जोर-हळू सगळं भात्याच्या हातात.

पहिला महिना 48 किंवा 72 बटणांचं हलकं वाद्य घ्या. 120चं मोठं वाद्य दहा किलोच्या आसपास भरतं. ठेवताना पायांवर उभं ठेवा, उन्हातल्या गाडीत नको. आणि पट्टी किंवा हवेचं बटण दाबल्याशिवाय भाता कधी ओढू नका.